सिंकपाशी कोण?

भाऊबीजेच्या दुपारची गोष्ट. जेवणं आटोपली होती, पानं उचलून झाली होती. मी आणि धाकटी जाऊ स्वयंपाकघरात उरलेली बासुंदी लहान पातेल्यात काढत होतो. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून आरडाओरडा सुरू झाला. "कांदा दे, कांदा!" "अहो बाबा, सूप करपतंय!" "ताटल्या कुठं गेल्या सगळ्या? एकही स्वच्छ ताटली नाही!" आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. आमच्या घरातले पुरुष कांद्यावरून आणि ताटल्यांवरून भांडतायत? हात पुसत बाहेर आलो तर काय, टीव्हीवर एक रंगीबेरंगी स्वयंपाकघर, त्यात इकडून तिकडे धावणारे चार बुटके आचारी, आणि समोर सतरंजीवर आमचे हे, भाऊजी, पुतण्या आणि माझी लेक. कंट्रोलर दोनच होते. त्यामुळे एकेका कंट्रोलरची दोन टोकं दोघांनी धरलेली आणि चौघांचे खांदे एकमेकांवर आपटतायत.

पुतण्यानं पुण्याहून येताना लॅपटॉपवर हा खेळ आणला होता आणि वायर लावून तो टीव्हीला जोडला होता. खेळाचं नाव 'ओव्हरकुक्ड'. लेकीनं नंतर मला त्याची सगळी कुंडली सांगितली. इंग्लंडातल्या केंब्रिजच्या 'घोस्ट टाउन गेम्स' या दोघाजणांच्या छोट्याशा कंपनीनं तो बनवला, २०१६ मध्ये तो बाजारात आला, आणि २०१७ च्या बाफ्टा पुरस्कारांत उत्कृष्ट ब्रिटिश खेळ आणि उत्कृष्ट कौटुंबिक खेळ असे दोन्ही मान त्यानं पटकावले. अशा खेळांना म्हणे 'पार्टी गेम' म्हणतात. एकट्यानं कोपऱ्यात बसून खेळायचे नाहीत, चारचौघांनी मिळून, हसत-भांडत खेळायचे. १९९८ मध्ये जपानच्या निन्टेन्डो कंपनीनं 'मारिओ पार्टी' आणला, तोही याच जातीचा. आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आपण घराघरांतून मोबाईलवर 'लुडो किंग' खेळत होतो ना? तो तर आपल्या नवी मुंबईतल्या कंपनीचा. माझी बहीण दीडशे किलोमीटरवर होती, पण रोज रात्री माझी सोंगटी मारल्याशिवाय तिला झोप येत नव्हती!

तर या 'ओव्हरकुक्ड'मध्ये करायचं काय? पडद्याच्या वरच्या कडेला गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी येत राहतात. सुरुवात कांद्याच्या सुपापासून. तीन कांदे आणायचे, चिरायचे, भांड्यात टाकायचे, शिजले की ताटलीत ओतायचे आणि खिडकीतून द्यायचे. सोपं वाटतं ना? पण आचाऱ्याच्या हातात एका वेळी एकच वस्तू मावते. भांडं गॅसवर विसरलात तर करपतं, मग आग लागते, आणि ती विझवायचं लाल नळकांडं शोधत सगळे धावतात. पुढंपुढं तर स्वयंपाकघरंही अंगात आल्यासारखी वागायला लागतात. कुठं ओटा बोटीवर हलतोय, कुठं बर्फावरून पाय घसरतोय, कुठं निम्मं स्वयंपाकघर एका ट्रकवर आणि निम्मं दुसऱ्या, आणि दोन्ही ट्रक रस्त्यानं पळतायत. घड्याळ चालूच. आणि गिऱ्हाइकानं खाल्लेली खरकटी ताटली परत येते, ती घासल्याशिवाय पुढची ऑर्डर देता येत नाही. काही मिनिटांनी वेळ संपली की चौघांच्या कामाचा मिळून हिशेब होतो आणि चांदण्या मिळतात. जिंकले तर सगळे, हरले तर सगळे.

हे सगळं मी दारात उभं राहून बघत होते. गंमत वाटत होती. तेवढ्यात भाऊजी म्हणाले, "वहिनी, जरा चहा टाका ना, तोवर आमचा हा डाव होतो." आणि त्याच वेळी लेक म्हणाली, "आई, तू बस ना माझ्या जागी. एकदा खेळून बघ."

मी काय म्हणाले असेन? तेच, जे तुम्ही म्हणाला असतात. "मला कुठलं जमतंय ते! तुम्ही खेळा, मी चहा बघते."

चहा उकळेपर्यंत मी आपली त्या वाक्याचाच विचार करत राहिले. मला जमत नाही, हे मी करून न बघताच कसं ठरवलं? कांदे चिरणं, एकीकडे उकळतंय ते बघत दुसरीकडे पोळी उलटणं, कुणाला आधी वाढायचं ते ठरवणं, हे मला जमत नाही? बावीस वर्षं मी दुसरं केलंय काय! तरीही बाहेर चार जागा होत्या आणि त्यातली एकही आपली नाही, हे मी गृहीतच धरलं होतं. मला कुणी नको म्हटलं नव्हतं. उलट लेक बोलवत होती. नको मीच म्हणाले होते.

चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले तर तिथं नवाच तंटा. यांना कांदे चिरायचे होते, भाऊजींना ऑर्डर द्यायची होती, पोरांना शिजवायचं होतं. ताटल्या घासायला मात्र कुणीच तयार नव्हतं. सूप तयार, खिडकी मोकळी, गिऱ्हाईक खोळंबलेलं आणि ताटली नाही. "अरे, ताटल्या कुठं आहेत?" हे ओरडले. कॉटवर जप करत बसलेल्या सासूबाईंनी माळ थांबवली आणि शांतपणे म्हणाल्या, "घासल्याशिवाय कुठनं येतील?"

आधी सगळे हसले. मग जरा गप्प झाले. आमच्या सासूबाईंनी साठ वर्षांत ही गोष्ट मनात किती वेळा म्हटली असेल कोण जाणे, पण घरातल्या पुरुषांना ती त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आली.

मग मी ट्रे खाली ठेवला आणि पदर खोचून बसलेच. लेकीनं जागा दिली, जाऊबाईंनी भाऊजींना उठवलं. "तुम्ही आता कप भरा," म्हणाल्या. कंट्रोलरचं एक टोक यांच्या हातात, दुसरं माझ्या. पहिला डाव नुसता भिंतीवर आपटण्यात गेला. दुसऱ्या डावात हात बसला. आणि तिसऱ्या डावात लेक मागून म्हणाली, "आई, तू सारखी सिंकपाशीच का उभी आहेस?"

मैत्रिणींनो, खरं सांगते, माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मला कुणी घासायला सांगितलं नव्हतं. खेळात कामं वाटलेली नसतात, कुणीही काहीही करावं. पण खरकटी ताटली दिसली की माझा आचारी आपोआप तिकडे वळत होता. बाकीचे चिरत होते, शिजवत होते, "दिली, दिली!" म्हणत खिडकीशी नाचत होते. मी ताटल्या घासून रचून ठेवत होते. ताटल्या होत्या म्हणून कुणाला त्यांची आठवणही येत नव्हती. अगदी घरच्यासारखंच!

मग मी ठरवून सिंक सोडलं आणि कांदे चिरायला गेले. पाऊण मिनिटात सगळं तुंबलं. सूप करपायला लागलं, ऑर्डरी लाल व्हायला लागल्या. मला जायचा मोह होत होता, पण गेले नाही. शेवटी हेच धावले. "थांबा, मी घासतो, तुम्ही शिजवा!" आणि मग त्यांच्या लक्षात आलं ते त्यांनी मोठ्यांदा म्हटलं, "अगं, हे एक काम केलं की बाकी काहीच करता येत नाही!"

आता कुणी म्हणेल, एवढ्याशा खेळावरून काय एवढा अर्थ काढायचा? काढायचा, कारण हे एकट्या आमच्या घरचं नाही. केंद्र सरकार लोकांच्या चोवीस तासांचा हिशेब मांडणारी पाहणी करतं. २०२४ च्या पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घरच्या बिनपगारी कामात जातात आणि ते करणाऱ्या पुरुषांची ८८ मिनिटं. तेही जे करतात त्यांचीच सरासरी. शंभर बायकांमधल्या ८१ जणी हे काम करतात आणि शंभर पुरुषांतले फक्त २७. २०१९ मध्ये हे आकडे बायकांचे २९९ मिनिटं आणि पुरुषांचे ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत आपली दहा मिनिटं कमी झाली, तर त्यांचीही नऊ कमी झाली! आपला भार त्यांनी उचलला, असं काही म्हणता येत नाही.

आणि या २८९ मिनिटांतून खेळायला वेळ कुठला काढायचा? लहानपणी आपण सागरगोटे, लगोरी, बिट्ट्या काय कमी खेळलो? लग्न झालं आणि सगळं संपलं. मंगळागौरीला फुगड्या आणि झिम्मा खेळलो तेवढंच, आणि तेही व्रताच्या निमित्तानं, म्हणून चाललं. नुसतं खेळावंसं वाटतं म्हणून एखादी बाई दुपारी तासभर खेळत बसली, तर आपणच म्हणतो, "हिला बरा वेळ मिळतो!" पुरुष पारावर पत्ते कुटतात, त्यांना कुणी वेळेचा हिशेब विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की घरात जेव्हा सगळे मिळून खेळतात, मग तो पत्त्यांचा डाव असो की टीव्हीवरचा, तेव्हा 'सगळे' या शब्दात घरातली बाई धरलेली असावी. चहा आणून देणारी म्हणून नव्हे, खेळणारी म्हणून.

व्हिडिओ गेम म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो, हेही खरं. पैसे लावायच्या ऑनलाईन खेळांनी किती घरं धुळीला मिळाली ते आपण पाहिलंय. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं अशा खेळांवर बंदी आणणारा कायदा केला, तो काही उगाच नाही. पण सगळे खेळ एका माळेचे मणी नसतात. हा खेळ एकदाच विकत घ्यायचा, त्यात पैज नाही, पैसे लावणं नाही. पोरं दार लावून मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसतात त्यापेक्षा घरच्यांसोबत एका सतरंजीवर बसून ओरडलेली काय वाईट? अट एकच, सुरू कधी करायचं आणि बंद कधी करायचं ते आधी ठरलेलं हवं. आमच्याकडे दिवेलागणीला टीव्ही बंद. शिकायला अवघड जाईल ही भीतीही नको. २०२० मध्ये या खेळाचे दोन्ही भाग एकत्र करून जी आवृत्ती आली, तिच्यात नवख्यांसाठी वेळ वाढवून घ्यायची सोय आहे. दोन कंट्रोलरवर चौघं खेळू शकतात, हे तर मी सांगितलंच.

आमच्या घरी आता दोन नियम झालेत. पहिला नियम, जो डावात नाही त्यानं चहा करायचा, आणि डाव संपला की जागा बदलायची. दुसरा, एकच माणूस दोन डाव सिंकपाशी उभा राहणार नाही. नियम लेकीनं केले, सासूबाईंनी मान्य केले, मग कुणाची बिशाद!

तर त्या दिवशी पुढं काय झालं? खेळ संपला तेव्हा आत खरं सिंक तसंच भरलेलं होतं. बासुंदीचं पातेलं, पंचवीस वाट्या, तळणाची कढई. खोटं कशाला सांगू, या खेळानं कुणाचं मतपरिवर्तन वगैरे झालं नाही. मी सवयीनं उठले. पुतण्या म्हणाला, "काकू, दोन डाव झाले तुझे." सगळे हसले. भाऊजींनी मोबाईल काढला. आमचे हे मात्र उठले, बाह्या वर सारल्या आणि आत गेले. कढई त्यांनी काही घासली नाही, ती भिजत घातली. वाट्या घासल्या, त्यातल्या चार मला पुन्हा घासाव्या लागल्या. पण त्या मी त्यांच्या देखत घासल्या नाहीत.

त्यानंतर रोज घासतात का? नाही. रविवारी घासतात. आणि रविवारी दुपारी आमच्याकडे सतरंजी पसरली की चारातली एक जागा माझी असते. आता लेक "आई, बसतेस का?" असं विचारत नाही. "आई, चल लवकर," म्हणते.

तुमच्या घरी हा खेळ नसेल, सापशिडी असेल, कॅरम असेल, पत्त्यांचा जोड असेल. येत्या सुट्टीत डाव मांडला गेला आणि कुणी म्हणालं, "तू चहा टाक, तोवर आमचं होतं," तर एकदा म्हणून बघा, "आधी माझे पत्ते वाटा, चहा मग सगळे मिळून करू." पहिल्यांदा जीभ अडखळते. माझीही अडखळली होती.