आमचा बाजी

बोईसरला आमच्या घरी बाजी आला तो सोलापूरकडच्या एका विद्यार्थ्याच्या कृपेने. जात कारवान. मुधोळ संस्थानच्या मालोजीराव घोरपड्यांनी ती जोपासली, म्हणून तिला मुधोळही म्हणतात. 2005 साली मुधोळवर टपालाचे तिकीटसुद्धा निघाले. असे हे खानदानी बाळ! पण पोट पाठीला लागलेले. शेजारच्या काकू "याला काही घालता की नाही?" असे विचारतात, तेव्हा आमची सौभाग्यवती ओशाळते.

पालघरच्या कॉलेजात मी 20 वर्षे मराठी शिकवतो आहे. "बसा" म्हटले की सारा वर्ग बसतो. बाजीला "बस" म्हटले की तो असा पाहतो, जणू व्याकरण माझेच चुकले!

एकदा चिंचणीच्या किनाऱ्यावर साखळी सोडली. दूर वाळूत काहीतरी हलले, आणि बाजी नाहीसा! ही जात नजरेने शिकार करणारी. सावज दिसले की हाक कानात शिरत नाही. हाका मारीत मी तारापूरच्या बाजूला वाळू तुडवीत गेलो. अंधार पडला. सौभाग्यवती एक शब्द बोलली नाही, तेच फार जड गेले. हताश होऊन परतलो, तो स्कूटरपाशी स्वारी बसलेली, चेहऱ्यावर "होता कुठे इतका वेळ?" असा भाव.

तेव्हापासून साखळी सुटत नाही. रोज पहाटे मीच त्याच्यामागे धापा टाकीत धावतो. थंडीत मात्र, अंगावर केस तोकडे म्हणून, तो आपण होऊन माझ्या शालीत शिरतो. बोलावलेले नसते.