हळू ऐकण्यासाठी वॉट

आमच्या गडमुडशिंगीत ‘डॉल्बी’ हा शब्द पहिलीतल्या पोरालाही ठाऊक असतो. डॉल्बी म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली काळ्या पेट्यांची भिंत. चार बेस, चार टॉप. मिरवणूक गल्लीच्या तोंडाशी आली की फडताळातली भांडी आपण होऊन वाजू लागतात, आणि म्हातारी माणसे छातीवर हात ठेवून आतल्या खोलीत जाऊन बसतात. ‘डॉल्बीमुक्त गणेशोत्सव’ अशी हाक आमच्या जिल्ह्यात कैकदा दिली गेली. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण ज्याचे नाव त्या हाकेत अडकले आहे त्या माणसाची हकीकत कळली, तर हाक देणाऱ्याची जीभ थोडी अडखळल्याशिवाय राहणार नाही.

रे डॉल्बी हा अमेरिकन इंजिनियर. १९६३ ते १९६५ ही दोन वर्षे तो संयुक्त राष्ट्रसंघाचा सल्लागार म्हणून आपल्याच देशात होता. १९६५ साली त्याने लंडनमध्ये प्रयोगशाळा काढली आणि तिथे जे पहिले यंत्र बनवले ते गोंगाट घालवण्याचे! ध्वनिफितीवर गाणे मुद्रित केले की फितीची स्वतःची एक बारीक सळसळ त्यात मिसळे. गवई मोठ्याने गात असला की ती झाकून जाई. त्याने आवाज लहान केला की वर येई. डॉल्बीने युक्ती काढली ती अशी : हळुवार स्वर मुद्रणाच्या वेळी थोडे उचलून घ्यायचे आणि ऐकवताना तेवढेच खाली आणायचे, म्हणजे त्यांच्याबरोबर सळसळही खाली बसते. पन्नाशीकडे झुकलेल्या वाचकांना कॅसेटच्या यंत्रावरचे ‘डॉल्बी’ लिहिलेले बटण आठवत असेल. ते याचेच. लहान आवाज स्वच्छ ऐकू यावा म्हणून ज्याने बुद्धी खर्च केली, त्याच्या नावाने आम्ही कानठळ्यांचे बारसे केले. कृतघ्नपणाला याहून चांगले उदाहरण मला निबंधाच्या तासाला मुलांपुढे ठेवता आलेले नाही.

हे सारे आज सांगण्याचे कारण असे की पाडवा आला आहे. पाडव्याच्या मुहूर्तावर घरात नवी वस्तू आणायची ही आपली रीत, आणि त्या वस्तूंत अलीकडे गाण्याच्या यंत्रांचा भरणा फार. माझ्या घरच्या यंत्राला मी एक वेगळा पॉवर ॲम्प्लिफायर जोडला, ही बातमी गावात फुटल्यापासून वाटेत भेटेल तो मला एकच विचारतो, “मास्तर, किती वॉटाचा हाय?” आकडा सांगितला की लगेच दुसरा प्रश्न, “मग गल्लीत का ऐकू येत न्हाई ओ?”

वाचकहो, माझे भांडण आहे ते या दुसऱ्या प्रश्नाशी. शक्ती घरात आणली की ती गल्लीला ऐकू गेलीच पाहिजे, नाहीतर पैसे पाण्यात गेले, ही जी समजूत आहे, तिने आमचे सण नासवले आणि आता ती घरात शिरू पाहते आहे. वेगळा ॲम्प्लिफायर घ्यावा, ऐपत असेल तर अवश्य घ्यावा. पण तो मोठ्याने ऐकण्यासाठी घेणाऱ्याने त्या यंत्राचा आणि स्वतःच्या कानांचा, दोघांचाही अपमान केला, असे माझे स्वच्छ मत आहे.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. ओहमच्या नियमापुढे माझे विज्ञान फारसे गेले नाही. पण हा हिशेब त्याहून अवघड नाही. वॉट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नसतो. तो फक्त तीन डेसिबलने चढतो, म्हणजे लक्ष देणाऱ्याला फरक कळेल इतकाच. कानाला दुप्पट वाटायला हवा असेल तर वॉट सुमारे दसपट लागतात. तेव्हा शेजाऱ्याचा पन्नास वॉटांचा आणि आपला शंभराचा, म्हणून मिशीला पीळ देणारा गृहस्थ तीन डेसिबलांवर पीळ देत असतो. आता उलट बाजूने पाहा. बैठकीच्या खोलीत, चौघांना मध्ये दोन शब्द बोलता येतील इतक्या बेताने गाणे लावले, तर साध्या स्पीकरला सरासरी अर्धा वॉटही पुष्कळ होतो. मग बाकीचे वॉट कशाला? तर तबल्यासाठी. तानपुरा मंद झंकारत असतो, गायकाने षड्जावर आवाज स्थिर धरलेला असतो, आणि समेवर तबलजीची थाप पडते. ती थाप भोवतालच्या सरासरीहून वीस डेसिबलने वर उसळू शकते. वीस डेसिबल म्हणजे शंभरपट शक्ती. अर्ध्या वॉटाचे निमिषभर पन्नास वॉट! ते त्या निमिषाला हजर नसले की ॲम्प्लिफायर लाटेचा माथाच सपाट कापून टाकतो. थाप ऐकू येते, पण ती चामड्यावर पडलेली वाटत नाही. पुठ्ठ्यावर पडल्यासारखी वाटते. वीस वॉटांची दुबळी पेटी ताणून ताणून वाजवली तर उंच स्वरांचा छोटा कर्णा जळण्याचीही धास्ती असते.

पैलवान गल्लीतून चालताना पाहावा. शाहू महाराजांनी १९१२ साली उभारलेल्या खासबागेच्या मैदानात जो दोन मणांचा गडी डोक्यावर उचलतो, तोच घरी तान्ह्या पोराला असा अलगद उचलतो की त्याची झोप मोडत नाही. ताकद नसलेल्या माणसाचे हात अशा वेळी थरथरतात. माझा वेगळा ॲम्प्लिफायर माझ्या घरात हेच काम करतो. त्याच्यावरची वॉट दाखवणारी सुई तासभर जागची हलत नाही, थापेला तेवढी उडी मारते आणि पुन्हा निजते.

पण वेगळाच कशाला, एका पेटीत सगळे येते की, असे विचारणारे विचारतात. येते, आणि बहुतेकांना ते पुरतेही. लहान खोली, समंजस स्पीकर आणि बरा एकसंध ॲम्प्लिफायर असेल तर त्यांनी माझ्या नादी लागू नये. अडचण होते ती सिनेमासाठी बनवलेल्या त्या सात-सात स्पीकरांच्या पेटीची. सातही स्पीकर एकाच ट्रान्सफॉर्मरच्या तोंडाकडे बघत बसलेले. त्यात एखादा चार ओहमचा निघाला की तो आठ ओहमवाल्याच्या दुप्पट वीजप्रवाह मागतो. शिवाय पेटीवर छापलेला आकडा बहुधा एक किंवा दोनच स्पीकर चालू ठेवून मोजलेला असतो. एकत्र कुटुंबात एकाच ताटातले वाढप मोजून सांगावे की आमच्याकडे जेवण असे असते, त्यातलाच हा प्रकार. दोन मुख्य स्पीकरांसाठी वेगळा पॉवर ॲम्प्लिफायर दिला, की त्यांना स्वतःचा ट्रान्सफॉर्मर मिळतो, आणि जुन्या पेटीकडे नाजूक कामे तेवढी उरतात. मात्र त्या पेटीच्या पाठीमागे ‘प्री-आउट’ची भोके आहेत का, हे आधी पाहावे. नसली तर नवा ॲम्प्लिफायर कपाटात शोभेलाच ठेवावा लागेल.

आकड्यांची गोष्ट निघालीच आहे तर पी. एम. पी. ओ. या अक्षरांविषयी चार कडू शब्द बोललेच पाहिजेत. मूठभर स्पीकरावर ‘१००० वॉट पी. एम. पी. ओ.’ असे लिहिलेले आपण सर्वांनी पाहिले आहे. या मापाला कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. विकणाऱ्याने डोळे मिटावे आणि मनाला येईल तो आकडा लिहावा! अमेरिकेत अशीच बजबजपुरी माजली तेव्हा १९७४ साली तिथल्या व्यापार आयोगाने नियम केला की घरगुती ॲम्प्लिफायरची शक्ती जाहिरातीत सांगायची तर ती सलग, ठरावीक रीतीने मोजलेलीच सांगावी. आपल्याकडे गिऱ्हाईकाने आर. एम. एस.चा आकडा विचारावा, एवढे तरी व्हावे. विचारले की निम्म्या पेट्या आपोआप गप्प होतात.

आणि वॉटांचाच अभिमान धरायचा असेल तर केसरबाईंचा धरा. शाहू महाराजांनी ज्यांना कोल्हापूर दरबारी आश्रय दिला त्या अल्लादिया खाँसाहेबांच्या या शिष्येची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीतून अंतराळात गेली. त्या यानाचा प्रक्षेपक अवघा तेवीस वॉटांचा, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटपेक्षाही कमी. तरी अब्जावधी किलोमीटरांवरून त्याचे बोलणे पृथ्वीवर ऐकू येते; कारण इथे सत्तर मीटर व्यासाची तबकडी कान लावून बसलेली आहे. आमच्या मिरवणुकीत वॉट हजारांनी आहेत. कान लावून बसलेला कोण आहे?

माझ्या घरच्या मंडळींनी जो आक्षेप घेतला तो मात्र खरा वजनदार. “केसरबाईंच्या त्या तीन-तीन मिनिटांच्या जुन्या तबकड्या ऐकायला एवढा खर्च?” नाही, त्यांच्यासाठी खर्च करू नये. ७८ फेऱ्यांच्या तबकडीत मुळातच हळू आणि मोठ्या आवाजातले अंतर थोडे असते, वर खरखर. तिथे जे मुद्रितच झाले नाही ते कोणताही ॲम्प्लिफायर काढून देणार नाही; ती आपल्या मनाने भरून घ्यायची. हा खर्च आहे पुढच्या काळातल्या लांब मुद्रणांसाठी. मन्सूरांच्या, किशोरीताईंच्या बैठकींसाठी, जिथे स्वर विरत विरत शांततेपर्यंत जातो आणि ती शांतताही मुद्रित झालेली असते.

दुसऱ्या बाजूचे एक दैवतवेडही मला तितकेच नापसंत आहे. शहरात असे काही रसिक असतात की गाणे बाजूला ठेवून ते वायरीची पूजा करतात. सोन्याचा मुलामा दिलेली, मनगटाएवढी जाड, किंमत मास्तराच्या वर्षाच्या पगाराची. यांना राग कोणता चालला आहे ते विचारू नये. पदराला खार लावून घेण्याआधी खोलीत एक जाड सतरंजी टाकावी, स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढावेत. निम्मे काम तेवढ्यात होते. आणि खेड्यातल्या माणसाने आधी घराचे अर्थिंग तपासावे. दोन पेट्या दोन ठिकाणच्या सॉकेटांना लावल्या आणि अर्थिंग धड नसले, की तानपुऱ्याच्या मागे पन्नास हर्ट्झचा एक तिसराच तानपुरा ‘घूं’ करून बसतो, आणि तो कधी सुरात नसतो. सुरू करताना पॉवर ॲम्प्लिफायर सर्वांत शेवटी, बंद करताना सर्वांत आधी. नाहीतर स्पीकरला दणका बसतो. एवढे झाले की पुढचे कान पाहून घेतात.

आमच्याकडे ‘नाद खुळा’ म्हणतात. सुरेख शब्द आहे. नाद म्हणजे छंद आणि नाद म्हणजे ध्वनीही. पण अलीकडे त्यातला ध्वनी गेला आणि खुळेपणा तेवढा उरला. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी वर्गात हजेरी घेतो तेव्हा काही मुलांची नावे दोनदा पुकारावी लागतात. ‘कानात शिट्टी वाजतीया गुरुजी,’ असे ती हसत सांगतात. ती हसतात आणि माझ्या पोटात गोळा येतो. पंच्याऐंशी डेसिबलात माणसाने दिवसाला आठ तासांहून अधिक राहू नये, आणि पुढे दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते, असे जाणकारांचे माप आहे. म्हणजे शंभर डेसिबलला पंधरा मिनिटे. मिरवणूक चालते पाच-सहा तास. कानाच्या आतल्या ज्या सूक्ष्म केसाळ पेशी ऐकण्याचे काम करतात, त्या माणसात एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कायदा २००० सालापासून आहे : वस्तीत दिवसा पंचावन्न, रात्री पंचेचाळीस डेसिबल. उजळाईवाडीच्या धावपट्टीवरून विमान उठते तेव्हा आम्ही आभाळाकडे बघून कपाळाला आठ्या घालतो. ते मिनिटभरात निघून जाते. ट्रॉलीकडे बघून आठी घालण्याची हिंमत आमच्यात नाही, कारण ट्रॉलीवर आमचीच पोरे बसलेली असतात.

या पोरांना अमुक ऐकू नका असे सांगून ती ऐकत नाहीत. तीस वर्गांना तेच सांगून पाहिलेले मास्तर तसे म्हणतात. म्हणून मी दर शनिवारी दुपारी पाच-सहा जणांना घरी बोलावतो आणि त्यांचीच आवडती गाणी लावतो, मिरवणुकीतली सुद्धा. पण बेताच्या आवाजात. पहिल्यांदा ती चुळबुळ करतात. मग एखादा म्हणतो, “गुरुजी, ह्यात मागं बासरी हाय व्हय?” ती बासरी त्याने गल्लीत शंभरदा ‘ऐकलेली’ असते.

तेव्हा पाडव्याला दुकानात जाल तर दुकानदाराला आवाज वाढवायला सांगू नका. कमी करायला सांगा. इतका कमी, की तानपुऱ्याच्या चारही तारा अजून वेगवेगळ्या लागतात का ते पाहता यावे. कोल्हापुरातल्या एका दुकानात मी तसे म्हटले, तेव्हा मालकाने क्षणभर माझ्याकडे पाहिले, पंखा बंद केला, आणि पोऱ्याला सांगितले, “जा, शटर निम्मं खाली ओढ.”