परवान्यावर काडतुसाचं पूर्ण नाव हवं

कांजूरमार्ग पश्चिमेला लाल बहादूर शास्त्री मार्गावर एटीएममध्ये रोकड भरणारी गाडी थांबते. तिच्या दाराशी बंदूक घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे आपण सहसा पाहतही नाही. सुरक्षा एजन्सीच्या भाषेत तो ‘गनमॅन’. हत्यार अनेकदा त्याच्या स्वतःच्या नावावरचं असतं आणि परवाना गावाकडच्या जिल्हाधिकाऱ्याचा. हातात दुनळी बारा बोअर, नाहीतर .३१५ ची रायफल. त्याची नोकरी त्या परवान्यावर उभी असते.

त्याच्या परवान्यावर ‘.३१५ बोअर रायफल’ असं लिहिलेलं असतं आणि कमरेच्या पट्ट्यातल्या काडतुसाच्या बुडावर ‘८ एमएम केएफ’ असा ठसा असतो. केएफ म्हणजे खडकीचा दारूगोळा कारखाना, १८६९ पासून चालत आलेला. बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास. .३१५ इंच म्हणजेच ८ मिलिमीटर, त्यामुळे दोन्ही आकडे एकाच वस्तूचे. जाणकाराला यात काही कोडं वाटणार नाही. पण नाक्यावर कागद तपासणारा शिपाई, निवडणुकीच्या आचारसंहितेत हत्यार जमा करून घेताना पावतीवर बोअर उतरवणारा हवालदार, पंचनामा वाचणारा वकील हे सगळे जाणकार असतीलच, असं धरून आपली व्यवस्था चालते. परवान्यावर बसत नाही ते हत्यार विनापरवाना ठरतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्राची किमान शिक्षा २ वर्षं आणि कमाल ५ वर्षं आहे. एवढी मोठी गोष्ट एका तोकड्या आकड्यावर सोपवणं चूक आहे, हे मला या लेखात सिद्ध करायचं आहे.

विरोधी बाजू दोन टोकांवर उभी आहे. एका टोकाचं म्हणणं असं : बंदुकीचे परवाने मोजक्याच लोकांकडे असतात, मुंबईसारख्या शहरात ते आणखी कमी व्हावेत हेच बरं. मग बोअरचा काथ्याकूट कशासाठी? शब्द थोडे मोघम राहिले तर पोलिसांच्या हातात अधिकार राहतो आणि त्यात समाजाचं रक्षणच आहे. दुसऱ्या टोकावर शस्त्रांचे हौशी लोक आहेत. बोअरवरचे निर्बंध, म्हणजे लष्करी मापाची रायफल खासगी हातांत नको हा नियम, ही इंग्रजांनी आपल्याला नि:शस्त्र ठेवण्यासाठी घातलेली बेडी आहे, ती समूळ काढून टाका, असं ते म्हणतात.

शहरात बंदुका कमी असाव्यात, हे मलाही मान्य आहे. पण किती परवाने द्यायचे हा एक प्रश्न आणि दिलेल्या परवान्यावर काय लिहायचं हा दुसरा. पहिल्याचं उत्तर कितीही कडक असलं तरी दुसरा सुटत नाही. मोघमपणाने समाजाचं रक्षण होतं हे तर मला मुळीच मान्य नाही. मोघम शब्दाचा अर्थ प्रत्येक टेबलावर वेगळा लागतो. ज्याच्यामागे वकील आहे तो आपल्याला हवा तो अर्थ लावून घेतो. रोकड गाडीवरच्या गनमॅनला तेवढी ऐपत नसते, त्याचं हत्यार ठाण्यात अडकलं की त्या महिन्याचा पगार बुडतो.

शिवाय मोघम शब्द ढिलाही पडतो, याकडे कडक धोरणवाल्यांचं लक्ष गेलेलं नाही. .२२ चंच उदाहरण घ्या. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ३ मध्ये एका व्यक्तीने किती अग्निशस्त्रं बाळगावीत याची मर्यादा आहे. आधी ती ३ होती, २०१९ पासून २ आहे. मान्यताप्राप्त रायफल क्लबचा सभासद नेमबाजीच्या सरावासाठी .२२ बोअरची रायफल किंवा एअर रायफल वापरत असेल, तर त्याला या मर्यादेतून सूट आहे. हेतू चांगला आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं, ते .२२ च्याच रायफलने. पण कायद्याच्या त्या कलमात ‘.२२ बोअर’ एवढंच म्हटलं आहे. कुसाळेच्या खेळातलं काडतूस .२२ लाँग रायफल, कडेवर ठोका बसून पेटणारं, कमी वेगाचं. .२२ मॅग्नमही कडेवरच पेटतं, पण त्याची खोळ बरीच लांब आणि दारू जास्त. .२२ हॉर्नेट मधोमध पेटणारं, शिकारीसाठी निघालेलं. आणि आपल्या लष्कराच्या इन्सास रायफलीचं ५.५६ मिलिमीटर हे माप इंचात मांडलं तर तेही .२२ च्या अगदी जवळ येतं! नळीचा व्यास जवळपास तोच, गोळीतली ऊर्जा मात्र लाँग रायफलच्या सुमारे दहापट. शस्त्र नियमांच्या अनुसूचीत .२२ पुढे ‘कमी वेगाची, कडेवर पेटणारी’ असे शब्द जोडले आहेत, म्हणजे नियम लिहिणाऱ्याला हा धोका दिसला होता. तीच दक्षता प्रत्येक परवान्यावर का नसावी?

आता दुसऱ्या टोकाकडे. बोअरच्या निर्बंधाला वसाहतीचा इतिहास आहे, हे खरंच आहे. १८७८ चा शस्त्र कायदा अविश्वासातून जन्मला आणि त्याविरुद्ध आपल्या पुढाऱ्यांनी अनेक वर्षं आवाज उठवला. पण आजच्या निर्बंधामागचं कारण तपासलं तर ते टिकणारं आहे. लष्कराची काडतुसं आपल्याच राज्यात, जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या कारखान्यात तयार होतात. खासगी रायफलीत तीच काडतुसं बसू लागली, तर कोठारातून गळालेल्या एका पेटीला हजारो गिऱ्हाइकं मिळतील, आणि कायदेशीर रायफल हेच चोरीच्या मालाचं ठिकाण होईल. हे रोखणं कोणत्याही राज्यव्यवस्थेचं काम आहे, मग ती स्वतंत्र भारताची का असेना. म्हणून निर्बंध राहावा, अशीच माझी भूमिका आहे. माझा वाद तो कशाच्या मापाने मोजला जातो, याच्याशी आहे.

१९६२ च्या शस्त्र नियमांनी पहिल्या अनुसूचीत दोन कसोट्या एकाच वाक्यात शेजारी ठेवल्या. .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटर बोअरची रायफल प्रतिबंधित, ही पहिली. ज्या रायफलीत त्या मापाचं लष्करी काडतूस बसतं आणि उडतं ती कोणत्याही बोअरची असो, प्रतिबंधित, ही दुसरी. पहिली कसोटी नळीचा व्यास पाहते, दुसरी काडतूस पाहते. दुसरी अचूक आहे, पहिली गोंधळ करते. अमेरिकेने १९०६ मध्ये स्वीकारलेलं .३०-०६ हे काडतूस घ्या. त्याच्या नळीचा व्यास ७.६२ मिलिमीटरच, म्हणून पहिल्या कसोटीच्या अक्षरावर बोट ठेवलं तर ती रायफल प्रतिबंधित ठरायला हवी. पण त्या काडतुसाची खोळ ६३ मिलिमीटर लांब, लष्कराच्या ७.६२ ची ५१. एकाच्या घरात दुसरं नीट बसत नाही. म्हणूनच सरकारच्याच इशापूर कारखान्याने .३०-०६ ची स्पोर्टिंग रायफल सामान्य परवानाधारकांसाठी बनवली. प्रत्यक्षात सरकार दुसरी कसोटी पाळतं आणि कागदावर पहिलीही ठेवतं. .३१५ ची कथा याच जातीची. .३०३ ली-एनफिल्डच्या घडणीची रायफल, तोच बोल्ट, फक्त नळी आणि काडतुसाचं घर वेगळं, म्हणून ती .३०३ च्या निर्बंधाबाहेर. आणि नुसतं ‘७.६२’ म्हणून तरी काय कळतं? एके मालिकेचं ३९ मिलिमीटर खोळीचं काडतूसही ७.६२ चंच.

केवळ आकड्यावर बंदी घातली की काय होतं, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दिसलं होतं. .४५० बोअरच्या मार्टिनी-हेन्री रायफली बंडखोरांच्या हाती होत्या, म्हणून इंग्रज सरकारने हिंदुस्थानात .४५० बोअरला मज्जाव केला. लंडन-बर्मिंगहॅमच्या बंदूकवाल्यांनी लगेच .४६५, .४७०, .४७५ अशी नवी काडतुसं बाजारात आणली. ती आधीच्याहून थोडी मोठीच होती. बंदी अक्षरशः पाळली गेली आणि हत्तीच्या शिकारीच्या जबर रायफली पूर्वीसारख्याच देशात येत राहिल्या. (त्या बंदीचा हेतू मार्टिनी-हेन्रीपुरता होता, तेव्हा तो साधला असं कुणी म्हणेल. मग बंदीत मार्टिनी-हेन्रीच्या काडतुसाचंच नाव घालायला काय हरकत होती?)

एकाच काडतुसाला दोन नावं असणं हेही जुनं दुखणं. जर्मन माउझरचं ७×५७ आणि इंग्रजी .२७५ रिग्बी हे एकच काडतूस. जिम कॉर्बेटची प्रसिद्ध .२७५ रिग्बी ती हीच जात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार संपली, पण त्या काळातल्या रायफली वारसाहक्काने घरोघर उतरल्या. समजा, आजोबांची अशी रायफल कांजूर गावातल्या नातवाकडे आली. आजोबांच्या परवान्यावर ‘.२७५’, नळीवर ‘७ मिमी’. नव्या परवान्यासाठी तो पोलीस आयुक्तालयात गेला तर त्याच्याविरुद्ध पहिला पुरावा त्याच्या आजोबांचाच कागद ठरू शकतो.

तेव्हा काय करायचं, ते सांगतो. परवान्यावर काडतुसाचं पूर्ण नाव लिहावं : माप, खोळीची लांबी, कडेवर पेटणारं की मधोमध, आणि प्रचलित दुसरं नाव असेल तर तेही. ‘.३१५ (८ मिमी) इशापूर’, ‘.२२ लाँग रायफल, रिमफायर’, ‘७×५७ माउझर म्हणजे .२७५ रिग्बी’, असं. सोबत रायफल बोल्टची की सेमी-ऑटोमॅटिक, हेही यावं. काडतुसांच्या रकान्यातही हीच नावं असावीत. परवान्यांची राष्ट्रीय संगणकीय नोंद आता आहेच, प्रत्येक परवानाधारकाला वेगळा क्रमांकही मिळतो. त्या नोंदीत ठरावीक काडतुसांच्या यादीतूनच नाव निवडता यावं, कुणी हाताने आकडा भरू नये.

हे अशक्य आहे असं कुणी म्हणू नये. १९६२ च्या नियमांची जागा घेणाऱ्या २०१६ च्या नियमांनी हवेच्या बंदुकांबाबत नेमकं हेच केलं आहे. तिथे .१७७ म्हणजे ४.५ मिलिमीटर हे माप आणि २० ज्यूल ही ऊर्जा दोन्ही पाहिली जातात. खेळातल्या हवेच्या बंदुकीसाठी इतका नेमकेपणा जमतो, तर माणूस ठार करणाऱ्या रायफलीसाठी त्याहून कमी नेमकेपणा चालवून घेण्याला काहीच समर्थन नाही.

आणि केंद्रीय गृह मंत्रालयाने अनुसूचीतली व्यासाची कसोटी काढून लष्करी काडतुसांची नावांनिशी यादी द्यावी. लष्कराचं काडतूस बदललं की ती यादीही बदलावी. १९६२ मध्ये .३०३ आणि ७.६२ ही दोन नावं घालताना इन्सास जन्मलीही नव्हती, त्यामुळे त्या यादीत ५.५६ येण्याचा प्रश्नच नव्हता. .३०३ ला मात्र उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनी निरोप दिला. दर ५ वर्षांनी परवान्याचं नूतनीकरण होतं, त्याच ५ वर्षांत या यादीचीही फेरतपासणी व्हावी, आणि ती राजपत्रात मराठीतही छापावी, म्हणजे कांजूरमार्गच्या ठाण्यातला हवालदार आणि रोकड गाडीवरचा गनमॅन या दोघांनाही ती वाचता येईल.