शिकाऊ डॉक्टर आणि मोठा डॉक्टर

धुळ्याच्या किंवा जळगावच्या शासकीय रुग्णालयात रात्री रुग्ण दाखल झाला की नातेवाईकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘हा शिकाऊ तर नाही ना?’ अहिराणी मुलखातला म्हातारा असेल तर तो सरळ सांगतो, ‘मोठा डाक्टरले बलावा.’ त्याचे काही चुकत नाही. रात्री दोन वाजता डोळे तारवटलेल्या पंचविशीतल्या पोराच्या हाती आपला माणूस सोपवताना कोणाचाही जीव धास्तावतो. प्रश्न एवढाच आहे, की त्या पोराने फोन केला तर पलीकडून उचलणारा आणि गरज पडल्यास निघून येणारा मोठा डॉक्टर आहे का?

खानदेशात शिकवणारे सरकारी रुग्णालय येईपर्यंत १९८०च्या दशकाची अखेर उजाडली. तेव्हा धुळ्याला भाऊसाहेब हिरे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात १८४५पासून डॉक्टर घडत होते, नागपूरला १९४७मध्ये आणि औरंगाबादला १९५६मध्ये महाविद्यालय झाले. जळगावला तर २०१८पर्यंत थांबावे लागले. तोवर रावेर-चोपड्याकडचा गंभीर रुग्ण म्हणजे धुळे, नाहीतर अजिंठ्याचा घाट उतरून-चढून ‘घाटी’. ॲम्ब्युलन्सच्या त्या दीडशे-दोनशे किलोमीटरांत काय काय हरवले, याची नोंद कोणत्याही रजिस्टरात नाही.

जळगावला महाविद्यालय आले तसे नवे रुग्णालय मात्र आले नाही. होते ते जिल्हा रुग्णालयच वैद्यकीय शिक्षण विभागाकडे गेले. लोकांच्या तोंडी ते ‘सिव्हिल’च राहिले. पाटी बदलली की सिव्हिलचे शिकवणारे रुग्णालय होत नाही, याचा अनुभव जूनमध्ये, २०२० साली सगळ्या महाराष्ट्राने घेतला. कोविडच्या पहिल्या लाटेत वॉर्डातून बेपत्ता झालेल्या ८२ वर्षांच्या आजींचा मृतदेह आठ दिवसांनी रुग्णालयाच्याच स्वच्छतागृहात सापडला. निलंबने झाली, चौकशी झाली. पण त्या घटनेकडे केवळ कुणा अधिकाऱ्याचा गुन्हा म्हणून पाहणे सोपे आहे. रोज सकाळी प्रत्येक खाटेपाशी थांबून ‘हा रुग्ण कालच्यापेक्षा कसा आहे?’ असे विचारणारा राऊंड, हा शिकवणाऱ्या रुग्णालयाचा कणा असतो. विद्यार्थ्याला उत्तर द्यावे लागते म्हणून शिक्षकाला पाहावे लागते. खाट रिकामी दिसली तर ‘पेशंट कुठे गेला?’ हा प्रश्न त्या राऊंडमध्ये आपोआप निघतो. साथीत तो राऊंडच मोडला होता आणि नव्या महाविद्यालयात तो मुळात पुरता रुजलेलाही नव्हता.

खाटेपाशी शिकण्याची ही पद्धत जगाला दिली ती पॅरिसच्या सार्वजनिक रुग्णालयांनी. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर तिथे ठरले की वैद्यक पोथीतून कमी आणि वॉर्डात जास्त शिकवायचे. १८१६मध्ये नेकेर रुग्णालयात लेनेक नावाच्या डॉक्टरने एका तरुणीच्या छातीला कान लावण्याचा संकोच वाटला म्हणून कागदाची सुरळी केली आणि तिच्यातून हृदयाचे ठोके ऐकले. स्टेथोस्कोपचा जन्म तो. ही गोष्ट सगळे सांगतात. पुढची क्वचित कोणी सांगते. त्या सुरळीतून ऐकू येणारा प्रत्येक आवाज म्हणजे नेमके काय, हे त्याने मृत रुग्णांच्या शवविच्छेदनाशी ताडून पाहिले. शेकडो रुग्ण एका छताखाली असल्याशिवाय ते शक्य नव्हते. पियेर लुई या दुसऱ्या डॉक्टरने न्यूमोनियाचे रुग्ण चक्क मोजले आणि १८३५मध्ये दाखवून दिले की रक्त काढण्याच्या ज्या उपचारावर सगळ्यांची श्रद्धा होती त्याचा फायदा फारसा नाही.

या कीर्तीला एक काळी बाजू होती. वॉर्डातला रुग्ण गरीब असे, आणि त्याच्या अंगावर जे शिकायचे ते दुपारी श्रीमंताच्या दिवाणखान्यात वापरायचे, असा रिवाज पडला. मोठे प्राध्यापक सकाळी रुग्णालयात आणि दुपारनंतर स्वतःच्या खाजगी दवाखान्यात. ही घडी मोडायला १९५८ साल उजाडले. रोबेर देब्रे या बालरोगतज्ज्ञाच्या पुढाकाराने ३० डिसेंबर १९५८ला वटहुकूम निघाला, विद्यापीठ आणि रुग्णालय एकत्र बांधले गेले आणि उपचार, अध्यापन, संशोधन ही तिन्ही कामे पूर्णवेळ करणारा डॉक्टर तिथे उभा राहिला. विरोध जोरदार झाला. तडजोड म्हणून थोडी खाजगी प्रॅक्टिस करू दिली, पण ती सार्वजनिक रुग्णालयाच्या आवारातच. ही तडजोड आदर्श नव्हती. तिथेही तिच्यावरून आजतागायत कुरबूर चालते. तरी मोठा डॉक्टर संध्याकाळी इमारतीत सापडतो, एवढे तिने साधले.

महाराष्ट्रात शासकीय अध्यापकांना खाजगी प्रॅक्टिस करू नये म्हणून भत्ता मिळतो. काहीजण तो घेऊन प्रामाणिकपणे दिवसरात्र राबतात, काहींच्या नावाची पाटी शहरातल्या दुसऱ्याच रस्त्यावर असते. आणि कित्येक पदांवर माणूसच नसतो. तपासणी आली की एका महाविद्यालयातले अध्यापक दुसरीकडे पाठवून गिनती पुरी करायची, हा खेळ वैद्यकीय शिक्षणात काम केलेल्या कोणालाही नवा नाही. अशा वेळी जिल्ह्याजिल्ह्याला नवे महाविद्यालय जाहीर करणे म्हणजे पाच भाकऱ्यांचे पीठ दहा तव्यांवर थापण्यासारखे आहे. महाविद्यालय नको, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. जुन्या महाविद्यालयाची पदे भरल्याशिवाय नवे नको, एवढे तरी म्हणायलाच हवे.

संशोधन म्हटले की आपल्याकडे मोठी यंत्रे डोळ्यांसमोर येतात. रायगडमधल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्करांकडे यंत्रे नव्हती. विंचू चावलेले रुग्ण डोळ्यांदेखत का दगावतात, हे त्यांनी खाटेपाशी रात्री जागून टिपले आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध वापरून असे मृत्यू झपाट्याने खाली आणले. त्यांचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ने छापले. खानदेशातही असे प्रश्न पडून आहेत. सातपुड्यातल्या आदिवासी पाड्यांवरचा सिकलसेल. कपाशीवर फवारणी करताना होणारी विषबाधा. केळीच्या बागेत पाणी भरताना होणारा सर्पदंश. भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा उघड्यावर राबणाऱ्या मजुराच्या मूत्रपिंडांचे काय होते? याची उत्तरे मुंबईहून येणार नाहीत, कारण हे रुग्ण रोज इथल्याच ओपीडीत रांग लावतात. केसपेपर नीट लिहिले आणि जपले तरी निम्मे संशोधन झाले.

इमारतींचेही एक सांगायला हवे. धुळ्याचे रुग्णालय शहरातून चक्करबर्डीला गेले तेव्हा जागा मोठी मिळाली, पण रात्री-अपरात्री पोहोचणे गरिबाला महाग पडले. आता जळगावसाठी चिंचोलीला वैद्यकीय संकुल होत आहे. भिंती चढताना पाहून आनंद वाटतो. पण पहिल्या दिवसापासून बसची सोय आणि शहरात चोवीस तास चालणारा अपघात विभाग यांचे काय, हे आताच विचारायला हवे, उद्घाटनाच्या फितीनंतर नव्हे.

तोवर नातेवाईकांनी एक करावे. शिकवणाऱ्या रुग्णालयात प्रत्येक रुग्ण एका ‘युनिट’च्या नावे दाखल होतो आणि त्या युनिटचा प्रमुख वरिष्ठ डॉक्टर असतो. केसपेपरवर ते नाव आहे का पाहावे, नसेल तर विचारावे. त्या युनिटचा ओपीडीचा वार ठरलेला असतो. सुटी झाल्यावर त्याच वारी दाखवायला गेले तर आधी पाहिलेलाच डॉक्टर भेटण्याची शक्यता जास्त. आणि ‘मोठा डॉक्टर राऊंडला कधी येतो?’ हा प्रश्न शिकाऊ डॉक्टरला न भांडता विचारावा. बहुतेक वेळा त्यालाही तेच हवे असते.