सायकलीला वाट हवी

पुणें हें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून प्रसिद्ध होतें. २०१७ सालीं तेथील विद्यापीठाच्या आवारांत भाड्याच्या सायकली आल्या. परंतु त्या टिकल्या नाहींत. उलट कॅलिफोर्नियांतील डेव्हिस या विद्यापीठाच्या गांवानें १९६७ सालीं रस्त्यांवर सायकलींकरितां निराळे पट्टे आंखले; १९६८ पासून विद्यार्थीच लंडनहून आणलेल्या दुमजली बसगाड्या चालवूं लागले. ती वहिवाट आजहि चालू आहे. तात्पर्य, नुसतें साधन देऊन भागत नाहीं. त्याला निर्भय वाटहि द्यावी लागते. नातू महाविद्यालयांत जाऊं लागतांच मोटारसायकलीचा हट्ट धरतो. तिचा धूर अखेर त्याच्याच छातींत जाणार, हें खरें. पण त्याला दोष देण्यापूर्वीं वडील मंडळींनीं नगरपित्यांस एवढेंच पुसावें: याच्या सायकलीला रस्त्यांत जागा कोठें आहे?