सहा दिवसांचं अंदमान

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे व्हायला लागले की आमच्याकडे सहलीचे विषय निघतात. दरवर्षी निघतात आणि बहुतेक वर्षी दांडेली किंवा गोकर्णावर येऊन थांबतात. यंदा विषय निघाला तो पांढुर्ण्याहून.

माझं माहेर पांढुर्ण्याचं, हे या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे. नव्यांसाठी सांगते. नागपूरहून रेल्वेने इटारसीकडे निघालं की वाटेत लागतं ते पांढुर्णा. राज्य मध्य प्रदेश, पाट्या हिंदीत, घरात मराठी. पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होतं, २०२३ मध्ये सौंसरला बरोबर घेऊन पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवरून एकमेकांवर दगड मारणारं गोटमारीचं गाव म्हणून तुम्ही पेपरात वाचलं असेल. माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या अत्ती, लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी अजून माझ्या माहेराला ‘कल्ल होडियो ऊर’च म्हणतात.

फोन धाकट्या भावाचा होता. "ताई, आई काही वेगळंच बोलून राह्यली. म्हणते अंदमानले जायचं."

आई शहात्तर वर्षांची आहे. दोन्ही गुडघे दुखतात, रक्तदाबाची गोळी रोजची. आयुष्यात समुद्र एकदाही पाहिलेला नाही. नागपूर, पंढरपूर, एकदा काशी आणि माझ्याकडे बेळगावला चार वेळा, एवढाच तिचा प्रवास. मग हे अंदमान आलं कुठून, असं भावाला वाटणं साहजिक होतं. मला मात्र ठाऊक होतं. ते बाबांकडून आलं होतं.

बाबा शाळेत मास्तर. मराठी आणि भूगोल शिकवायचे. त्यांच्या नकाशाच्या पुस्तकात अंदमान-निकोबार कोपऱ्यात छापलेलं होतं, बंगालच्या उपसागरात खडूची भुकटी सांडल्यासारखं. दिल्लीहून मद्रासला जाणाऱ्या गाड्या, ग्रँड ट्रंक आणि तमिळनाडू, आमच्या पांढुर्ण्यावरूनच जातात. गाडी गेली की बाबा म्हणायचे, "ही मद्रासपर्यंत. पुढे बोट." सावरकरांची सागरावरची प्रसिद्ध कविता शिकवताना ते दरवर्षी न चुकता सांगायचे की ती अंदमानात नव्हे, तर इंग्लंडात ब्रायटनच्या किनाऱ्यावर १९०९ मध्ये सुचली. अंदमानात त्यांना नेलं ते १९११ मध्ये. निवृत्तीनंतर आईला घेऊन जायचं, असं बाबांनी ठरवलं होतं. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी ते गेले. आईने त्यानंतर कधी विषय काढला नाही, आणि आम्हीही नाही. आमचं काय, आम्ही विसरलोच होतो.

भाऊ म्हणाला, "आईले एवढ्या दूर काऊन नेतं वं ताई? काही झालं त समुद्रात कोण्या डॉक्टरले शोधायचं?" इकडे अत्ती म्हणाल्या, "नीर नोडाक इष्ट दूर याक?" म्हणजे दोन भाषांत एकच हरकत.

अत्तींची हरकत मी मनावर घेतली आणि आधी लक्षद्वीपचा विचार केला. बेटंच पाहायची तर आपल्या बाजूची का नकोत? त्यातली अमिनदिवी बेटं १९५६ पर्यंत दक्षिण कन्नड जिल्ह्यात होती, हे कन्नड घरांतल्याही फारशा कुणाला माहीत नसतं. १ नोव्हेंबर १९५६ ही तारीख बघा कशी आहे. त्या दिवशी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात आलं. त्याच दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मध्य प्रदेश सोडून मुंबई राज्यात गेले आणि आमचा छिंदवाडा मागे राहिला. आणि त्याच दिवशी अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप, दोन्ही केंद्रशासित प्रदेश झाले. माझं सासर, माहेर आणि सहलीची दोन्ही ठिकाणं एकाच तारखेच्या कागदावर! असो. लक्षद्वीपला आधी परवाना काढावा लागतो, मग कोचीहून जहाज किंवा अगत्तीचं विमान. अंदमानच्या नेहमीच्या बेटांना आपल्याला परवाना लागत नाही. निकोबारला आणि आदिवासींच्या राखीव भागांत मात्र जाता येत नाही. पण खरी गोष्ट ही की आईला ‘बेटं’ पाहायची नव्हती. तिला अंदमान पाहायचं होतं.

मग प्रश्न आला केव्हाचा. अंदमानात मे महिन्याच्या उत्तरार्धापासून पाऊस आणि खवळलेला समुद्र, वर्षअखेरीला एखाद्या वादळाची भीती. जानेवारी ते एप्रिल चांगले. भावाचा संत्र्याचा मळा सौंसरकडे आहे आणि संत्रावाल्याचं कॅलेंडर वेगळंच असतं. आंबिया बहाराची फळं ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहाराची फेब्रुवारी ते एप्रिल. म्हणजे समुद्र शांत तेव्हा भाऊ फळतोडीत. पण डिसेंबरात फळं उतरली की पुढच्या आंबिया बहारासाठी झाडांना ताण देतात, म्हणजे पाणी बंद करतात. जानेवारीच्या मध्याला ताण तोडून पाणी सुरू करायचं. झाडं ताणावर असतात तेवढे दिवस माणूस मोकळा. तेव्हा जानेवारीचे पहिले दोन आठवडे ठरले. संक्रांतीला घरी परत यायचं, ही आईची अट. मुलांच्या परीक्षांचं आम्ही शेवटी विचारलं, हे कबूल करते.

एका सहल कंपनीने कागद पाठवला: पाच रात्री, सहा दिवस. पहिल्या दिवशी सेल्युलर जेल, दुसऱ्या दिवशी रॉस, मग हॅवलॉक, नील, बाराटांग, आणि सहाव्या दिवशी सकाळी विमान. कागद बघून मुलं खूश. वहिनीने बेटं मोजली ती सात भरली, कारण त्यात हॅवलॉकही होतं आणि स्वराज द्वीपही. तुमचाही असा घोटाळा होऊ नये म्हणून सांगते. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. तिकिटावर एक नाव, बोलण्यात दुसरं. दोन्ही लिहून ठेवा.

कागदावरचे सहा दिवस हे तिथले सहा दिवस. पांढुर्ण्याहून नागपूर, नागपूरहून चेन्नई रेल्वेने पंधरा ते अठरा तास, एक रात्र मुक्काम, मग दोन-सव्वादोन तासांचं विमान. आम्ही बेळगावहून राणी चन्नम्माने बेंगळूरु आणि पुढे चेन्नई. जाण्यायेण्याचे चार-पाच दिवस वेगळेच. बाबांच्या मनातली बोट अजूनही चेन्नईहून जाते, पण तीन दिवस घेते. तो विचार सोडून दिला.

मी तो कागद घेऊन आईच्या बाजूने बसले. म्हणजे फोनवरच, पण तिचे गुडघे डोळ्यांसमोर ठेवून. बाराटांगला जायचं तर रात्री दोन-तीनला उठायचं. तो रस्ता जारवा लोकांच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या ताफ्याने सोडतात. मध्ये थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, कुणाला काही द्यायचं नाही. नियम योग्यच आहेत. पण लोक काचेला नाक लावून जातात ते चुनखडीच्या गुहांसाठी की माणसं बघायला, हा प्रश्न मला पडतो. बाराटांग खोडलं. नील खोडलं, कारण दोन बेटांसाठी तीन वेळा बोटीत चढ-उतार. राहिलं हॅवलॉक. वेगवान बोटीला दीड ते अडीच तास लागतात, पण समुद्र बिघडला तर बोट रद्द होते. मोठं सरकारी रुग्णालय पोर्ट ब्लेअरलाच, लहान बेटांवर लहान दवाखाने. भावाच्या भीतीला तिथे आधार होता.

म्हणून मी नवा बेत केला. आई पोर्ट ब्लेअरलाच राहील, बाकीचे एक रात्र हॅवलॉकला जातील, राधानगरचा किनारा बघतील, मुलं पाण्याखाली जाऊन मासे पाहतील. आईसोबत वहिनी राहील. मी हे इतक्या सहज लिहिलं की दोनदा वाचूनही मला त्यात काही दिसलं नाही. वहिनी ‘हो’ म्हणाली. भाऊ ‘बरोबर’ म्हणाला.

आई म्हणाली, "ती काऊन राहील? तुम्ही सगळे फिरून राह्यले आन् तिनं मले गोळ्या देत बसावं? लग्न होऊन आली तवापासून नागपूरच्या पुढं गेली का ती? तू राह्य माह्याजवळ. माही पोरगी तू हायेस."

फोनवर थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग मागून वहिनीचा आवाज आला, "आई, राहू द्या ना." आईने राहू दिलं नाही. वाचकहो, मी या पानावर घरातल्या बायकांच्या रजेबद्दल किती वेळा लिहिलंय, तुम्हीच मोजा. हॅवलॉकच्या बोटीच्या तिकिटावरचं माझं नाव काढून वहिनीचं घातलं.

आता जेल. सेल्युलर जेल १८९६ ते १९०६ या काळात बांधलं. मधल्या मनोऱ्यातून सात हात फुटल्यासारख्या सात इमारती होत्या, आता तीन उरल्यात. कोठडी साडेतेरा फूट बाय साडेसात फूट, आमच्या स्वयंपाकघराएवढीही नाही. १९७९ पासून ते राष्ट्रीय स्मारक आहे. विनायकराव आणि त्यांचे थोरले बंधू बाबाराव, दोघे त्याच तुरुंगात होते. बंगालचे, पंजाबचे क्रांतिकारक कितीतरी, त्यांच्या नावांच्या पाट्याही निवांत वाचण्यासारख्या. पण सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर, टोकाला. जिना चढून जायचं. भावाने विचारलं, आईला खुर्चीत बसवून उचलून नेता येईल का?

"मी खालीच बसते," आई म्हणाली. "तुमच्या बाबाले बी आता चढता आलं नसतं. तुम्ही वर जाऊन या आन् मले सांगा." संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम बसूनच बघायचा असतो, तो तिला दाखवायचा आहे. हिंदीचा दिवस नक्की करून घेतला. तसं अंदमानात सगळीकडे हिंदी चालते, त्यामुळे आमच्या घरात तिथे सगळ्यात निर्धास्त आईच असेल.

बेत ठरवताना मी दोन चुका करत होते, तुम्ही करू नका. एक, परतीच्या आदल्या दिवशी बेटावर राहायचं नाही. बोट रद्द झाली की विमान गेलं. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा. दुसरी चूक घड्याळाची. अंदमान पूर्वेला खूप दूर, पण घड्याळ आपलंच. जानेवारीत तिथे सव्वापाचच्या सुमाराला सूर्य बुडतो, आपल्या बेळगावच्या तासभर आधी. दुपारची झोप, मग चहा, मग किनारा असा आपला शिरस्ता ठेवला तर अंधार बघून परत यायचं. पहाटे लवकर उजाडतं, आणि म्हाताऱ्या माणसांना तेच सोयीचं.

डॉक्टरांनी आईला जा म्हटलं. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवायच्या, गाडीत आणि विमानात मधूनमधून पाय हलवायचे. विमानतळावर चाकाची खुर्ची मिळते, फक्त तिकिटाच्या वेळीच सांगून ठेवावं लागतं. आधार कार्डावर आईच्या नावाचं स्पेलिंग बँकेच्या पुस्तकापेक्षा वेगळं निघालं. तिकीट कार्डाप्रमाणेच काढलं. भाचीने शंखशिंपल्यांची मोठी यादी केली होती, ती फाडली. किनाऱ्यावरचे शंख नि प्रवाळ उचलून आणायला तिथे मनाई आहे, विमानतळावर सामान तपासतात.

भावाची शंका पूर्ण गेलेली नाही. रोज तिथलं हवामान बघतो आणि मला पाठवतो. अत्ती येणार नाहीत, पण "होगि बर्रि" म्हणाल्या आणि वाटेसाठी शेंगाच्या पोळ्या द्यायचं कबूल केलंय.

सगळे हॅवलॉकला गेले की आम्ही दोघी पोर्ट ब्लेअरच्या कॉर्बिन्स कोव्हला जाऊ. शहरालगत आहे, गाडी जवळपर्यंत जाते. आईला तिथे समुद्रात पाय बुडवायचे आहेत, तेवढंच. काल तिने फोन करून विचारलं, नऊवारी ओली होईल, तर दुसरं लुगडं हॉटेलवर ठेवायचं की पिशवीत घ्यायचं?

पिशवीत घे, म्हटलं.