डोंगर रिकामा नव्हता



अमरावतीच्या एसटी स्टँडजवळ चहाचं एक हॉटेल आहे. त्याच्या भिंतीवर हे एवढं मोठं पोस्टर. बर्फाचे डोंगर, पायाशी निळंशार पाणी, काठावर एकच लाल घर. खाली इंग्रजीत सुविचार. बाहेर मे महिन्याचं ऊन चामडी सोलतंय, आत पोरगं टेबलावर फडकं मारतंय, आणि भिंतीवर नॉर्वे.

या अंकाच्या मुखपृष्ठासाठी आपल्यातल्याच एका मित्रानं चित्र काढून आणलं. तेच डोंगर. तेच पाणी. तेच एकटं घर. मी म्हटलं, "यात माणूस कुठं आहे?" तो भडकला. "सगळीकडे जात कायले आणतं बे? डोंगर म्हंजे डोंगर. पाहून डोळ्याले बरं वाटते का नाही, तेवढं सांग."

बरं वाटतं. खोटं कशाला बोलू? आणि बरं वाटतं म्हणूनच हे लिहितोय. जे खुपतं त्याच्याशी आपण भांडतोच. जे आवडतं ते मात्र गुपचूप घरात शिरतं आणि मालक होऊन बसतं. म्हणून आवडीची झडती आधी घ्यायची.

चला, त्या पोस्टरच्या मुळापाशी जाऊ. योहान क्रिस्तियान दाल नावाचा चित्रकार. १७८८ साली नॉर्वेच्या बर्गन बंदरात एका कोळ्याच्या घरी जन्मला. नॉर्वेच्या निसर्गचित्राचा बाप म्हणतात त्याला. राहिला मात्र जर्मनीत, ड्रेस्डेनला, १८१८ पासून १८५७ साली मरेपर्यंत. अधूनमधून गावाकडे जायचा, कड्यांची आणि धबधब्यांची रेखाटनं करायचा आणि ड्रेस्डेनच्या खोलीत बसून त्यांची भलीमोठी तैलचित्रं करायचा. १८४२ सालचं त्याचं स्टाल्हेमच्या दरीचं चित्र प्रसिद्ध आहे. उभे कडे, वर इंद्रधनुष्य, खाली इवलीशी घरं.

हे डोंगर तिथल्या लोकांना एवढे का भावले? नॉर्वे चारशे वर्षं डेन्मार्कच्या राजाखाली होता. १८१४ साली स्वतःचं संविधान केलं, तर त्याच वर्षी स्वीडनच्या राजाशी बांधला गेला. सुटला तो १९०५ साली. राजा परका, कारभाराची लिखित भाषा परकी. मग आपलं म्हणावं असं काय उरलं? डोंगर. तो दालनं रंगवला आणि लोकांनी छाती फुगवली. यात वावगं काही नाही. दबलेल्या माणसाला आरसा लागतो. आपल्यालाही लागला. कोरेगावचा स्तंभ आपणही छातीशी धरलाच ना?

पण त्या आरशात कोण दिसतं आणि कोण दिसत नाही, हा प्रश्न आहे.

१८१४ च्या त्या संविधानाचं दुसरं कलम काय म्हणत होतं? ज्यूंना या देशात प्रवेश नाही. स्वातंत्र्याच्या कागदावरच वेशीचं फाटक बंद! ते फाटक १८५१ साली उघडलं. आणि उत्तरेकडे सामी लोक. रेनडियर पाळणारे, मासे धरणारे, पिढ्यान्‌पिढ्या त्याच डोंगरांत राहणारे. त्यांची भाषा शाळांतून हाकलली. १९०२ साली फिनमार्क या उत्तरेकडच्या प्रांतासाठी जमीन विक्रीचा कायदा आणि नियम झाले. सरकारी जमीन कुणाला विकत मिळणार? ज्याला नॉर्वेजियन बोलता, लिहिता, वाचता येतं आणि जो ती रोज वापरतो, त्याला. म्हणजे डोंगर तुझा, पाय तुझे, पण सातबारा भाषेला विचारून!

मित्र म्हणेल, "हे काय चित्रकारानं केलं का?" नाही केलं. पण चित्र डोळ्याला वळण लावतं. रिकामा डोंगर बघायची सवय लागली, की तिथून माणूस उठवला तरी डोळ्याला काही कमी झाल्यासारखं वाटत नाही. कायदा नंतर येतो. डोळा आधीच तयार असतो.

पेदेर बाल्के घ्या. १८०४ चा जन्म, भूमिहीनाच्या घरातला. आपल्यासारखाच. १८३२ साली थेट उत्तर टोकापर्यंत गेला आणि पुढं आयुष्यभर तेच रंगवत राहिला. काळा समुद्र, पांढरा कडा, वादळ. माणूस असलाच तर ठिपक्याएवढा. चित्रं विकली जाईनात, तेव्हा त्यानं राजधानीच्या शिवेवर कामगारांसाठी वस्ती उभी केली. बाल्केबी तिचं नाव. बघा गंमत. हातानं कामगारांना घर दिलं, आणि त्याच हातानं डोंगर ओसाड रंगवला. गरिबाच्या पोटी जन्मलं म्हणून नजर आपोआप गरिबाची होत नाही, दोस्तहो. ही गोष्ट बाल्केला लागू आहे, आणि आपल्यालाही.

आता आपल्या मुलखात या. १९३४ साली बाबासाहेब आणि चळवळीतले सहकारी सहलीला निघाले. वेरूळची लेणी बघायची होती. वाटेत दौलताबादचा किल्ला. डोंगर, तट, दरवाजा, आणि दाराशी पाण्यानं भरलेलं टाकं. कुणी चित्रकार तिथं बसला असता तर काय सुरेख निसर्गचित्र झालं असतं! प्रवासाची धूळ बसलेल्या या माणसांनी त्या टाक्यात तोंडं धुतली, पाय धुतले. तोच एक म्हातारा ओरडत आला, की यांनी पाणी बाटवलं. जमाव जमला. शिव्या झाल्या. शेवटी किल्ला बघायला सोडलं ते हत्यारबंद शिपाई सोबत देऊन. कशासाठी? वर कुठल्याही पाण्याला हात लागू नये म्हणून. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलंय.

तेव्हा चित्रातल्या पाण्याचा रंग मला विचारू नका. ते पाणी कोण पितं ते सांगा. महाडचं तळंही लांबून निळंच दिसत असणार. १९२७ साली बाबासाहेबांनी त्यात ओंजळ घातली तेव्हा त्याचा खरा रंग दिसला.

शाळेत आपण काय शिकलो? निसर्गचित्र काढा म्हटलं की दोन त्रिकोण. त्रिकोणांच्या मधून अर्धा सूर्य. नदी, झोपडी, नारळाचं झाड, आकाशात चार आकड्यांसारखे पक्षी. वऱ्हाडातल्या किती पोरांच्या दारात नारळ होता? दारात होता निंब, धुऱ्यावर बाभूळ, शिवारात कपाशी. आणि ज्या वस्तीतून आपण शाळेत जात होतो, ती वस्ती त्या कागदावर कधीच आली नाही. झोपडी आली, पण ती गावात आहे का गावकुसाबाहेर, हे काही कळलं नाही. नदी आली, पण वरचा पाणवठा कोणाचा आणि खालचा कोणाचा, ती रेघ नाही आली. आपल्याच हातानं आपण आपल्याला खोडून टाकलं, आणि वर दहापैकी आठ गुण घेतले.

थांबा. आता माझी झडती घ्या.

चिखलदऱ्याला मित्रांसोबत गेलो होतो. पावसाळा होता, सातपुडा हिरवागार. दरीच्या काठावर फोटो काढायला उभे राहिलो. तेवढ्यात एक कोरकू बाई डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन वाटेनं आली. मी मोठ्यानं म्हटलं, "बाई, जरा बाजूला व्हा, फोटोत येताय." ती बाजूला झाली. मोळीसकट. ओल्या गवतात उभी राहिली, आमचं होईस्तोवर. फोटो चांगला आला. फार चांगला. गळ्यात निळा गमछा, मागं रिकामा डोंगर.

दौलताबादच्या म्हाताऱ्यानं बाबासाहेबांना पाण्यापासून हटवलं. मी त्या बाईला तिच्या डोंगरावरून हटवलं. तो ओरडला, मी 'जरा' म्हटलं. फरक एवढाच.

मेळघाट रिकामा कधीच नव्हता. इंग्रजांनी वनकायदे करून जंगल राखीव केलं, तेव्हाही तिथं कोरकू होते. १९७४ साली व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हाही होते. १९९३ साली तिथली पोरं कुपोषणानं मेल्याच्या बातम्या देशभर गेल्या, तेव्हा शहराला कळलं की त्या हिरव्या चित्रात माणसंही राहतात. पुढं गाभ्यातली गावं उठवून खाली सपाटीवर वसवली. अकोट तालुक्यात वसवलेले लोक जानेवारी २०१९ मध्ये परत जंगलात गेले. म्हणाले, कबूल केलं ते मिळालं नाही. वनखात्याशी चकमक झाली. पर्यटकांसाठी छापलेल्या चित्रात मात्र आजही वाघ, धुकं आणि डोंगर.

सामींचंही तेच. १९७९ साली आल्टा नदीवरच्या धरणाविरुद्ध सामी तरुण ऑस्लोत संसदेसमोर उपोषणाला बसले. धरण झालंच. पवनचक्क्यांच्या प्रकल्पानं रेनडियरची कुरणं घेतली. २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं परवाना बेकायदा ठरवला, तरी चक्क्या फिरत राहिल्या. २०२४ मध्ये संसदेनं जुन्या अन्यायाची माफी मागितली. माफी मिळाली, डोंगर परत मिळाला नाही.

मग काय, चित्रंच जाळायची? नाही. कुंचला त्यांच्याच हातात कशाला ठेवायचा?

जॉन साव्हियो नावाचा सामी पोरगा. १९०२ चा जन्म, लहानपणीच अनाथ झालेला. त्यानं लाकूड आणि लिनोलियम कोरून ठसे काढले. त्याच उत्तरेचे डोंगर, पण त्यात रेनडियरच्या मागं धावणारा माणूस आहे, बाई आहे, लांडगा आहे, वारा आहे. डोंगर मागचा पडदा नाही, राहतं घर आहे. १९३८ साली क्षयानं मेला.

आणि आपल्याकडं तर त्याच्या कितीतरी आधीचं उदाहरण आहे. वाघूर नदीच्या वळणावर अजिंठा. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या मागं बघा. डोंगर आहे, पण रिकामा नाही. खडकांत माकडं, मोर, किन्नर. करुणेच्या डोळ्यानं पाहिलं की डोंगर भरून दिसतो. तो डोंगर तर आधी पाथरवटांनी छिन्नीनं आतून कोरला, त्यावर चित्र नंतर आलं. हा आपला वारसा. तो सोडून पोस्टरची नक्कल कशाला?

म्हणून त्या मित्राचं चित्र मी परत केलं. त्याला सांगितलं, डोंगर ठेव. डोंगर आपलाही आहे. पण वाट काढ. वाटेवर मोळी काढ आणि मोळीखाली माणूस काढ. पाणी काढशील तर पाणवठ्याची रेघ काढ. झोपडी काढशील तर वेस कुठं आहे ते दाखव. हे सगळं काढूनही डोळ्याला बरं वाटलं, तर ते बरं वाटणं खरं.

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आन् तू? तुह्या त्या फोटोचं काय?"

तो फोटो अजून माझ्याजवळ आहे. फाडणार नाही. ज्याला कुणाला बघायचा असेल त्यानं यावं. उजव्या कडेला, जिथं काहीच दिसत नाही, तिथं ती उभी आहे.

जयभीम.